बियांची की नंबर थिअरी? एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीला उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे तुझ्यासारख्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुसद तालुक्यातलं गाव, एम.एस्सी. गणिताचं दुसरं वर्ष, घरी कोरडवाहू वावर. टोपॉलॉजीचा तास आवडतो, नंबर थिअरी स्वतःहून वाचतेस, मध्येच गणिताच्या इतिहासात शिरतेस. मैत्रिणी म्हणतात, इतकं पसरून काही होत नाही, एक धर. पीएच.डी.साठी ज्या सरांना विचारलंस त्यांनी सांगितलं, बियांची टाइप मॉडेलवर (सापेक्षतेच्या सिद्धांतातलं विश्वाचं गणिती मॉडेल) काम करायचं असेल तर जागा आहे, दुसरं काही नाही. वडील म्हणतात, हे सारं राहू दे, बी.एड. कर. आणि तू विचारतेस: सर, जिज्ञासा गुंडाळून ठेवू का?

नको ठेवू. पण पीएच.डी.ला विषय अरुंदच घ्यावा लागेल, त्यातून सुटका नाही, आणि बियांचीचा विषय मिळत असेल तर नाक मुरडू नकोस. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात ते नीट सांगतो, कारण आपल्याकडे याच जागी घोळ होतो.

आधी विदर्भातली वस्तुस्थिती. आपल्याकडच्या गणिताच्या पीएच.डी. शोधगंगेवर, म्हणजे थिसिसच्या ऑनलाइन संग्रहात, चाळून पाहा. सापेक्षता आणि विश्वरचनेची मॉडेलं, थर्मोइलॅस्टिसिटी, इंटिग्रल ट्रान्सफॉर्म, फिक्स्ड पॉइंट थिअरी, बहुतेक काम याच चार-पाच वाटांवर दिसेल. अल्जिब्रेइक जॉमेट्री किंवा नंबर थिअरीत गाईड शोधायला निघालीस तर हाताची बोटंही जास्त होतील. यात कोणाचा कट नाही. ज्या विषयात गाईडने केलं त्याच विषयात तो विद्यार्थी घेतो, तो विद्यार्थी पुढे गाईड होतो, आणि दोन-तीन पिढ्यांत सगळा जिल्हा एका विषयाचा होतो. गणिताच्या जागतिक वर्गीकरणात ६३ मुख्य शाखा आहेत. त्यातल्या बोटावर मोजण्याइतक्या शाखा आपल्या वाट्याला आल्या.

आता बियांची मॉडेलवरचा पेपर कसा तयार होतो ते तुला माहीत असेलच, नसेल तर वर्षभरात होईल. एक मेट्रिक, म्हणजे अंतर मोजायचं सूत्र, घ्यायचं. टाइप वन असेल तर तीन दिशांना तीन वेगवेगळे स्केल फॅक्टर (ती दिशा किती ताणली ते सांगणारे), तिन्ही फक्त काळावर अवलंबून. त्यात परफेक्ट फ्लुइड टाकायचा. अज्ञात पाच: तीन स्केल फॅक्टर, दाब आणि घनता. आइन्स्टाइनची समीकरणं मिळतात चार. पाचवी अट आपण आणायची: दाब आणि घनतेचं नातं, किंवा शिअर एक्सपान्शनच्या प्रमाणात, किंवा डिसेलरेशन पॅरामीटर स्थिर. मग सोडवायचं, आलेख काढायचे, निष्कर्ष लिहायचे. पुढच्या पेपरात फ्लुइडच्या जागी स्ट्रिंग, नाहीतर मॅग्नेटिक फील्ड, नाहीतर गुरुत्वाकर्षणाचा दुसरा सिद्धांत.

मी या कामाला नावं ठेवणाऱ्यांतला नाही. टेन्सर हाताळायला, डिफरन्शियल इक्वेशन न घाबरता सोडवायला, एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेऊन लिहून काढायला याच्याइतकं चांगलं शिक्षण कमी ठिकाणी मिळतं. माझी तक्रार वेगळी आहे. व्हायव्हात, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेत, मी एकच साधा प्रश्न विचारतो: टाइप वन म्हणजे काय, आणि टाइप नाइन त्याच्यापेक्षा वेगळा कशानं? बऱ्याचदा उत्तर येतं, "सर, मेट्रिक वेगळं असतं." बियांची कोण होता, प्रकार नऊच का, दहावा का नाही, हे चार-पाच वर्षं त्याच विषयात काढलेल्या पोट्ट्यांना कोणी विचारलेलंच नसतं. आणखी एक गंमत: कॉन्झर्वेशनचं समीकरण पाचवं म्हणून मोजणारेही भेटतात. ते स्वतंत्र नसतं. ते आधीच्या चारांतूनच निघतं, आणि ज्या आयडेंटिटीमुळे निघतं तिलाही बियांचीचंच नाव आहे. थिसिसच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ज्याचं नाव, त्याच्याशी ओळखच नाही.

तुझी जिज्ञासा इथे कामाची आहे. लुइजी बियांची हा इटालियन भूमितीकार. १८९८ साली त्यानं प्रश्न घेतला तो विश्वाचा नव्हताच. आइन्स्टाइनचा सिद्धांत अजून जन्मायचा होता. प्रश्न असा: तीन मितींचे असे अवकाश किती प्रकारचे, की ज्यांत अंतरं न बदलता कोणत्याही बिंदूवरून कोणत्याही बिंदूवर सरकता येतं? असं सरकणं म्हणजे ग्रुप. सोफस लीनं त्या ग्रुपचा अभ्यास त्यांच्या अल्जिब्रातून करायचा रस्ता आधीच पाडून ठेवला होता. मग काम उरलं तीन मितींच्या ली अल्जिब्रांची यादी करण्याचं. ती यादी नऊ प्रकारांत बसते (त्यातले दोन प्रकार एकेका पॅरामीटरची अख्खी कुटुंबं आहेत). टाइप वन सगळ्यात सरळ: सगळे ब्रॅकेट (क्रम बदलल्यानं पडणारा फरक) शून्य, नुसतं तीन दिशांना सरकणं. टाइप नाइन म्हणजे फिरवण्याचा ग्रुप, त्यात आधी कोणत्या अक्षाभोवती फिरवलं यानं फरक पडतो. हे तू एम.एस्सी.च्या अल्जिब्राच्या बळावर दोन-तीन आठवड्यांत स्वतः करू शकतेस. तीन मितीत ब्रॅकेट लिही, जाकोबी आयडेंटिटी लाव, पाया बदलून सोपं कर. इतकं केलेला विद्यार्थी व्हायव्हात "मेट्रिक वेगळं असतं" म्हणणार नाही.

पण मला तुला याच्याही पुढे न्यायचं आहे, कारण तू लिहिलंस की नंबर थिअरी सोडावी लागेल याचं वाईट वाटतं. जरा वही घे.

टाइप वनमध्ये फ्लुइड काढून टाक, विश्व रिकामं ठेव. १९२१ साली एडवर्ड कॅस्नर या गणितज्ञानं याचं उत्तर काढलं. (हा तोच कॅस्नर, ज्याच्या लहानग्या भाच्यानं एकावर शंभर शून्यांच्या संख्येला गूगोल हे नाव दिलं. माणूस चौफेर होता.) तिन्ही स्केल फॅक्टर काळाच्या घातात येतात, आणि त्या तीन घातांकांवर दोनच अटी: त्यांची बेरीज १, आणि त्यांच्या वर्गांची बेरीजही १. बस.

आता हे परिमेय संख्यांत सोडव. -१/३, २/३, २/३ चालतात. -२/७, ३/७, ६/७ चालतात. -३/१३, ४/१३, १२/१३ हेही. छेद बाजूला काढलेस तर दिसेल: २ चा वर्ग, ३ चा वर्ग, ६ चा वर्ग मिळून ४९, म्हणजे ७ चा वर्ग. ९ अधिक १६ अधिक १४४ म्हणजे १६९, तो १३ चा वर्ग. कोणतीही संख्या घे, तिच्या पुढची घे, दोघींचा गुणाकार घे. तिघांच्या वर्गांची बेरीज पूर्ण वर्गच येते, आणि त्याचं वर्गमूळ गुणाकारापेक्षा एकानं मोठं. ४, ५, २० घेतलेस तर ४४१, म्हणजे २१ चा वर्ग. हे मी आठवीच्या पोरांना दिलंय, पायथागोरसच्या तासाला. विश्वाचा 'व'सुद्धा न काढता.

सगळी उत्तरं एकाच पॅरामीटरमध्ये लिहिता येतात, त्याला यू म्हणतात. यू = १ घेतला की पहिलं त्रिकूट, २ घेतला की दुसरं, ३ घेतला की तिसरं. यू पूर्णांकच हवा असंही नाही. आणि पहिला घातांक ऋण आहे हे लक्षात आलं ना? म्हणजे असं विश्व दोन दिशांना फुगतं आणि तिसरीकडे आखडतं.

आता टाइप नाइन. १९७० च्या आसपास बेलिन्स्की, खालात्निकोव आणि लिफशिट्झ या तिघा सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी टाइप नाइनचं विश्व आरंभाच्या क्षणाकडे मागे मागे जाताना कसं वागतं ते पाहिलं. त्याच सुमाराला अमेरिकेत मिस्नरही तेच पाहत होता. त्यांना दिसलं की विश्व काही काळ कॅस्नरच्या एका उत्तरासारखं वागतं, मग आपटून दुसऱ्या उत्तरावर जातं, मग तिसऱ्यावर. आपटलं की यू चा होतो यू वजा एक. वजा करता करता एकापेक्षा कमी झाला की तो उलटा करायचा, आणि पुन्हा वजाबाकी चालू.

यू = ३.७ घेऊन कर. ३.७, २.७, १.७, ०.७. इथे तीनदा एक वजा झाला. आता उलटा: १०/७. एकदा वजा केल्यावर ३/७. उलटा: ७/३. मग ४/३, मग १/३, म्हणजे दोनदा. उलटा: ३. मग २, १, ०, तीनदा. मोजणी आली ३, १, २, ३. आता ३७ आणि १० यांचा मसावि शाळेत शिकवलेल्या भागाकाराच्या पद्धतीनं काढ. भागाकार येतील ३, १, २, ३. तेच ते. नंबर थिअरीत हाच ३.७ चा कंटिन्यूड फ्रॅक्शन. यू परिमेय असेल तर गाडी कुठेतरी थांबते. अपरिमेय असेल तर विश्व आपटतच राहतं, अनंत वेळा.

ही उलटं करून पूर्णांक टाकून देण्याची क्रिया गाउसनं फार आधी अभ्यासली होती. १८१२ साली लाप्लासला लिहिलेल्या पत्रात त्यानं या क्रियेत संख्या शेवटी कशा वाटल्या जातात त्याचं सूत्र दिलं, सिद्धता मात्र दिली नाही. ती कुझ्मिननं १९२८ मध्ये दिली. त्या सूत्रावरून कळतं की सर्वसाधारण संख्येच्या कंटिन्यूड फ्रॅक्शनमध्ये साधारण ४१.५ टक्के अंक १ असतात. म्हणजे टाइप नाइनच्या विश्वात एकदा उलटं केल्यापासून पुन्हा उलटं करेपर्यंतच्या टप्प्यांपैकी जवळपास तेवढे टप्पे एका आपटीचे. अंदाजाच्या पातळीवरच्या या सगळ्या चित्राला टाइप नाइनसाठी पक्का गणिती पाया रिंगस्ट्रॉमनं २००१ मध्ये दिला, आणि त्या बाजूला अजूनही काम शिल्लक आहे. आपल्याच भास्कराचार्यांनी मांडलेली चक्रवाल पद्धत (वर्ग असलेली समीकरणं पूर्णांकांत सोडवायची रीत) याच भावकीतली आहे, हे तुझ्या इतिहासाच्या वहीत लिहून ठेव.

वर्गीकरणाच्या भाषेत सांगायचं तर ८३ क्रमांकाच्या, म्हणजे सापेक्षतेच्या दारातून आत शिरलो, ३७ म्हणजे डायनॅमिकल सिस्टिममधून गेलो आणि ११ मध्ये, नंबर थिअरीत बाहेर पडलो. तुझ्या होणाऱ्या गाईडनं दिलेला अरुंद विषय न सोडता.

आता एक सावधगिरी. सगळेच विषय असे एकमेकांत उघडत नाहीत. हे उदाहरण मी निवडून दिलंय. फिक्स्ड पॉइंटच्या काही पेपरांत अटी एवढ्या कृत्रिम असतात की त्यांना कुठे मूळच सापडत नाही. तसला विषय कोणी दिला तर नम्रपणे टाळ. विषय ओळखायची माझी पद्धत सोपी आहे: गाईडला विचार, "सर, हा प्रश्न पहिल्यांदा कोणाला पडला आणि काहून पडला?" उत्तरादाखल एखादं नाव, एखादा जुना पेपर, एखादी अडलेली गोष्ट सांगता आली तर विषयात जीव आहे. "यावर पेपर लवकर निघतात" एवढंच उत्तर आलं तर विचार कर.

दुसरी सावधगिरी जिज्ञासेबद्दल. जिज्ञासेच्या नावाखाली काय चालतं ते मी रोज पाहतो. मोबाइलवर टोपॉलॉजीचा सुंदर व्हिडिओ, कपचं डोनट होताना पाहिलं, वा वा झालं, पुढचा व्हिडिओ. असे वर्षभर पाहिले तरी वहीत एक ओळ नसते. तुला टोपॉलॉजी आवडते ना? मग पुस्तक मिटून सांग: कॉम्पॅक्ट सेटची कंटिन्युअस इमेज कॉम्पॅक्ट का असते? सांगता आलं तर पुढचं: एकास एक, आच्छादक, कंटिन्युअस असं फंक्शन दे की ज्याचं उलट फंक्शन कंटिन्युअस नाही. शून्यापासून दोन पायपर्यंतचा, शून्य धरून पण दोन पाय सोडून असलेला इंटरव्हल वर्तुळावर गुंडाळ, झालं. पण हे तुला स्वतः सुचलं पाहिजे, निदान एकदा पाहिल्यावर कुठे फाटतं ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ज्या विषयातलं एक प्रमेय आणि एक प्रतिउदाहरण पेन घेऊन मांडता येतं तो विषय आवडतो असं म्हण. बाकीच्यांची नावं फक्त ऐकलीत असं म्हण, त्यात लाज नाही.

हा नियम लावून तुझी यादी पाहिलीस तर ती आपोआप दोन-तीनवर येईल.

मोठ्या माणसांची उदाहरणं लोक आपापल्या सोयीनं देतात. कापरेकर गुरुजींचं नाव तर हमखास येतं: देवळालीचे शाळामास्तर, पदवी-बिदवी नाही संशोधनाची, नुसत्या छंदातून ६१७४ हा अंकांच्या खेळातला स्थिरांक शोधला, जगभर नाव झालं, म्हणून तूही मोकळं फिर. मला हा दाखला उलटाच वाटतो. कापरेकर चौफेर नव्हतेच. आयुष्यभर त्यांनी पूर्णांकांच्या अंकांशी खेळ केला, दुसरीकडे फारसे गेले नाहीत. आणि घर शाळेच्या पगारावर चालत होतं, हे दाखला देणारे सांगायचं विसरतात. यिटांग झांग हा गणितज्ञही तसाच. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात लेक्चरर म्हणून शिकवत होता, फारसं कोणी ओळखत नव्हतं, आणि पन्नाशी उलटल्यावर २०१३ मध्ये त्यानं दाखवलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. एकच प्रश्न, एकच शाखा.

उलट बाजूला जून हू हा गणितज्ञ. त्याला २०२२ मध्ये फील्ड्स पदक, गणितातला मोठा सन्मान, मिळालं. ग्राफ रंगवण्याच्या बहुपदीबद्दलचा रीडचा १९६८ पासूनचा अंदाज त्यानं सिंग्युलॅरिटी थिअरीची (आकारांतल्या टोकदार, बिघडलेल्या बिंदूंच्या अभ्यासाची) हत्यारं आणून सोडवला. ग्राफवाल्यांना ती हत्यारं माहीत नव्हती, सिंग्युलॅरिटीवाल्यांना तो प्रश्न माहीत नव्हता. हे उदाहरण लोक चौफेरपणाचं म्हणून देतात, आणि ते आहेच. पण त्याआधी तो हिरोनाका या जपानी गणितज्ञांच्या हाताखाली सिंग्युलॅरिटी मन लावून शिकला होता. दुसऱ्याच्या अंगणात जाताना त्याच्या हातात स्वतःचं काहीतरी होतं.

आपले श्रीराम अभ्यंकर सिंग्युलॅरिटीचेच. जगातल्या मोजक्या तज्ज्ञांत त्यांची गणती, आणि तरी ते कायम म्हणत की शाळेतलं बीजगणित, बहुपदी हाताळणं, यातच खरी ताकद आहे. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं. त्यांचा विषय अरुंद म्हणायचा की रुंद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तू वावरातली आहेस म्हणून तुझ्या भाषेत सांगतो. पऱ्हाटीच्या वावरात काही ओळींमागे तुरीची ओळ असते. मुख्य पीक एकच. खत, फवारणी, निंदण सगळं त्याच्या हिशेबानं. पण बोंडअळीनं कापूस नेला तर तूर हाती राहते. तुझी पऱ्हाटी म्हणजे गाईडनं दिलेला विषय, तूर म्हणजे नंबर थिअरी. टोपॉलॉजी आणि इतिहास बांधावर असू दे. आठवड्यातला एक ठरलेला दिवस तुरीचा, त्या दिवशी टेन्सरला हात नाही. बाकीचे दिवस विषयाचे. सगळ्या वावरात सगळं फेकून दिलं तर काय उगवतं ते तुला मी सांगायला नको.

आता परीक्षेचं, कारण हे पोटाशी बांधलेलं आहे. सीएसआयआर नेटच्या (संशोधन आणि प्राध्यापकीसाठीची देशपातळीवरची परीक्षा) गणिताच्या पेपरात पार्ट सी मध्ये ६० प्रश्न येतात आणि त्यातले २० सोडवायचे असतात. त्या भागात निगेटिव्ह नाही, पण एका प्रश्नाचे सगळे बरोबर पर्याय ओळखले तरच गुण. याचा अर्थ नीट समजून घे. अभ्यासक्रमाचे चारही युनिट अर्धे-कच्चे करणाऱ्याला हा पेपर मारतो. रिअल अॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा कोणालाच टाळता येत नाहीत, ते पक्के हवेत. त्यावर कॉम्प्लेक्स अॅनालिसिस आणि अल्जिब्रा, किंवा डिफरन्शियल इक्वेशनचा गट, यांतला एक गट मुळापासून कर. दुसऱ्यातलं जमेल तेवढं. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, लागली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये आहेत, म्हणजे घरी हात न पसरता पहिली दोन वर्षं निघतात, आणि गाईडसमोर बसताना तुझं पारडं जरा जड होतं. जेआरएफवाली मुलगी "सर, मला टाइप नाइनच्या डायनॅमिक्सवर करायचंय" म्हणाली तर सर ऐकून घेतात. सेटचीही, म्हणजे राज्याच्या पात्रता परीक्षेचीही, तयारी त्यात होऊन जाते.

पीएच.डी.च्या आधी एक काम कर. एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) म्हणून उन्हाळ्यातलं गणिताचं शिबिर असतं, १९९३ पासून चालू आहे, निवड झाली की देशभरातली मुलं भेटतात. खर्चाच्या आणि पात्रतेच्या अटी आधी पाहून घे. तिथे फळ्यावर लिहून देत नाहीत, प्रश्न विचारून तुझ्याकडूनच काढून घेतात. पहिला आठवडा रडू येईल. आपल्याकडून गेलेली पोरं परत येतात तेव्हा त्यांचं प्रश्न विचारणं बदललेलं असतं, इतकंच सांगतो. इंग्रजीची भीती घालू नकोस डोक्यात. तिथे सगळ्यांचंच इंग्रजी तुटकं असतं, सिद्धता तुटकी नसली म्हणजे झालं. नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या फाउंडेशन स्कूलसाठी पीएच.डी.ला लागल्यावर अर्ज कर. तिथे अल्जिब्रा, अॅनालिसिस, टोपॉलॉजी तिन्ही पुन्हा मुळातून होतात, आणि सापेक्षतेवाल्यांना त्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

गाईडला नंबर थिअरीचं सांगावं का, हाही तुझा प्रश्न होता. पहिल्या भेटीत सांगू नकोस. पहिले सहा महिने त्यांनी दिलेले हिशेब बरोबर करून दाखव, चिन्हांच्या चुका न करता. मग एक दिवस वहीतलं ३.७ चं पान दाखव. बहुतेक सर खूश होतील, कारण त्यांनाही रोज तेच तेच मेट्रिक पाहून कंटाळा आलेला असतो, ते बोलत नाहीत एवढंच. नाही झाले खूश तरी तुझं काही जात नाही, पान तुझंच आहे.

राहिलं बी.एड. वडिलांशी भांडू नकोस, त्यांचा हिशेब चुकीचा नाही. एम.एस्सी.वर बी.एड. असलं की अकरावी-बारावीला शिकवायचा रस्ता उघडतो. नुसत्या एम.एस्सी.वर सीनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर राबणारी पोरं तू पाहिली आहेस. पैसे कधी येतील याचा भरवसा नाही, आणि दर वर्षी मुलाखत नव्यानं. म्हणून एम.एस्सी.नंतरचं एक वर्ष नेटसाठी मागून घे, लेखी असल्यासारखं ठरवून. नेट निघाली तर पीएच.डी. कर; नेट नाही निघाली तर बी.एड.ला प्रवेश घे, दोन वर्षं आहेत, त्यात पुढची नेटही देता येते. बी.एड.च्या पाठ घेण्याच्या दिवसांत आठवीच्या पोरांना ती तीन संख्यांच्या वर्गांची बेरीज दे आणि कोण पोरगं सगळ्यात आधी "सर, हे नेहमीच होतं का?" विचारतं ते बघ. तुला मॅडम म्हणतील, सर नाही. फळ्यावर मात्र ४, ५, २० पर्यंतच लिही, पुढचं त्यांना लिहू दे.